हौस कुणाची?
‘एकदा तरी पिल्लं होऊ द्या, तिलाही आईपण कळू दे,’ असं लॅब्राडॉर पाळणारे हौसेनं म्हणतात. कुत्रीनं असला नवस कधी बोललेला नसतो, हौस आपलीच. २०१७च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते, मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिचं वेत घेता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हे झालं कायद्याचं. मला त्याहून काळजी खुब्याची वाटते. या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो, म्हणून आधी नर-मादी दोघांचे एक्स-रे हवेत. ते विचारलं की उत्तर मिळतं, ‘अहो, पेपरवाला आहे!’ पेपरात वंशावळ असते, हाडं दिसत नाहीत. शिवाय ६३ दिवसांनी आठ पिल्लं झाली, तर न खपलेली कोण सांभाळणार, हे नर शोधण्याआधीच ठरवा.