सुटी विकता येते, झोप नाही

एकोडी परिसरातल्या धान उत्पादकाला रात्रीचे जागरण म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. शेतीपंपाची वीज आळीपाळीने मिळते. रात्रीची पाळी आली की उन्हाळी धानाला पाणी द्यायला मध्यरात्री बांधावर जायचे आणि पहाटेपर्यंत बांधीत पाणी चढते की नाही ते बघत बसायचे. सौर वाहिन्यांमुळे हे चित्र हळूहळू बदलते आहे, पण संपलेले नाही. असा माणूस सकाळी मोटारसायकल काढून साकोलीला जातो, जेवता जेवता पेंगतो, क्षुल्लक गोष्टीवरून घरच्यांवर चिडतो आणि विचारले तर ‘मी बरा आहे’ म्हणतो. त्याला खरोखर तसे वाटत असते. थकलेल्या मेंदूची हीच मोठी अडचण आहे आणि विमान चालवणाऱ्याचा मेंदू याला अपवाद नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमाने जमिनीवर खिळली, तेव्हा देशाने वैमानिकांच्या विश्रांतीचा विषय प्रथमच इतक्या मोठ्या आवाजात ऐकला. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ रखडली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. लग्नसराई सुरू होती, नागपूरचे हिवाळी अधिवेशन तोंडावर होते. साहजिकच राग नियमांवर निघाला. ‘वैमानिकांना जास्त सुट्या दिल्या म्हणून विमाने बंद पडली’ असे चावडीपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत बोलले गेले. हे अर्धसत्य होते.

नियम अचानक आले नव्हते. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने म्हणजे डीजीसीएने ते ८ जानेवारी २०२४ रोजी जाहीर केले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत मोजायची ठरली. रात्रीच्या ड्युटीत सहापर्यंत विमाने उतरवता येत, ती मर्यादा दोनवर आली. कंपन्यांच्या विरोधामुळे जून २०२४ ची तारीख टळली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अंमलबजावणी ठरली. तयारीला जवळपास दोन वर्षे मिळाली होती. जानेवारी २०२६ मध्ये डीजीसीएने कंपनीला २२ कोटी २० लाखांचा दंड केला. यंत्रणा अवाजवी ताणून चालवणे आणि नव्या नियमांसाठी अपुरी तयारी हेच चौकशीत समोर आले होते.

मात्र गोंधळ ऐन भरात असताना, ५ डिसेंबरला, याच डीजीसीएने एक कलम मागे घेतले. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा मोजता येणार नाही, असे ते कलम होते. इंडिगोला रात्रीच्या नियमांतूनही १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. अडकलेल्या प्रवाशांना घरी पोहोचवण्याची निकड समजण्यासारखी आहे. पण आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी सर्वांत महत्त्वाचा दिवा विझवला गेला आणि त्यावर फारशी चर्चाच झाली नाही.

रजा आणि विश्रांती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या वैमानिकाने बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवसांची रजा घेतली, तर त्या दोन दिवसांत तो मांडव बघेल, पाहुण्यांची ने-आण करेल, रात्री दोनपर्यंत जागेल. तेच दोन दिवस आठवड्याची विश्रांती म्हणून मोजले, तर कागदावर तो ताजातवाना आणि प्रत्यक्षात आधीपेक्षा थकलेला असा ड्युटीवर जाईल. साप्ताहिक विश्रांतीत दोन पूर्ण रात्री असाव्यात ही अट उगीच आलेली नाही. शरीराच्या आतले घड्याळ उजेड-अंधारावर चालते. पहाटे दोन ते सहा या वेळेत शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला जातात. रात्रपाळी करून सकाळी झोपलेल्याची झोप लहान होते, तुटते, कारण शरीर त्या वेळी उठण्याच्या तयारीत असते. ते नुकसान दिवसाच्या झोपेने पूर्ण भरत नाही, रात्रीच लागतात. या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळाले.

थकव्याचे मोजमापही उपलब्ध आहे. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात सलग १७ तास जागलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यांइतकी घसरलेली दिसली. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला गाडी चालवतो तेव्हा तो या हिशेबाने पोलिसांच्या तपासणीत अडकण्याच्या पलीकडे गेलेला असतो, फक्त त्याच्या तोंडाला वास येत नाही.

याहून बोलका प्रयोग अमेरिकेतला, २००३ चा. लोकांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिले. त्यांची प्रतिक्रिया देण्याची क्षमता दिवसागणिक घसरत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीला आली. आपल्याला किती झोप येते आहे, याचा त्यांचा स्वतःचा अंदाज मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारसा बदलला नाही. कामगिरी खाली जात होती आणि माणूस ‘जमते आहे’ म्हणत होता. ‘वैमानिक स्वखुशीने सुटीच्या दिवशी काम करायला तयार आहे, मग तुम्हाला काय अडचण?’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो. ती खुशी ज्या मेंदूने दिली, तोच मेंदू थकलेला आहे.

आणि हा व्यवहार जगभर चालतो. सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपातील रायनएअरने वैमानिकांच्या रजांचे वेळापत्रक इतके बिघडवले की सहा आठवडे रोज चाळीस-पन्नास उड्डाणे रद्द करावी लागली. त्यावर कंपनीने उपाय काढला तो वैमानिकांना हजारो पौंडांचा बोनस देऊन सुटीचे दहा दिवस विकत घेण्याचा. पैसे बरेच होते, तरी अनेक वैमानिकांनी नकार दिला. त्यांना पैसे नको होते असे नाही. दरवर्षी असेच चालणार असेल तर माणसे का भरत नाही, असा त्यांचा प्रश्न होता.

खरी गोम भरतीत आहे. रोवणीला मजूर कमी पडले तर शेजारच्या गावातून गाडी भरून आणता येतात. वैमानिकाचे तसे नाही. भंडाऱ्याला लागून असलेल्या गोंदिया जिल्ह्यात, बिरसीच्या विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. तिथे मुले घडतात कशी, हे पाहिले तर गणित लक्षात येते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण. मग मोठ्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण. मग सहवैमानिक म्हणून काम. कॅप्टन होण्यासाठीच्या परवान्याला किमान १,५०० तासांचा अनुभव. आज भरतीचा निर्णय घेतला तर कॅप्टनच्या खुर्चीत माणूस बसायला वर्षे लागतात. म्हणून जी कंपनी विमाने शेकड्याने मागवते आणि वैमानिक मात्र नेमके मोजून ठेवते, ती ती तूट कुठून तरी भरून काढणार. ती भरून निघते सुटीच्या दिवसांतून. आकडेमोडीत तिला ‘कार्यक्षमता’ असे छान नाव आहे.

याचा हिशेब कधी तरी चुकता होतो. २२ मे २०१० च्या सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळुरूच्या टेबलटॉप धावपट्टीवरून दरीत गेले, १५८ जण दगावले. सुमारे दोन तासांच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टन जवळपास एक तास चाळीस मिनिटे झोपलेले होते. ध्वनिमुद्रणात घोरणे ऐकू येते. झोपेतून उठल्यानंतरची गुंगी हे एक कारण म्हणून चौकशी अहवालात नोंदले गेले. विमान वर घ्या, असे सहवैमानिकाने तीनदा सुचवले होते. जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियाच्या बाटिक एअरच्या विमानात तर दोन्ही वैमानिक एकाच वेळी २८ मिनिटे झोपले. १५३ प्रवासी सुखरूप उतरले हे नशीब. सहवैमानिकाच्या घरी महिन्याभराची जुळी बाळे होती. घरी रात्री कशा गेल्या, हे रोस्टर बनवणाऱ्या संगणकाला कळत नाही.

नागपूरच्या विमानतळावरही १७ ऑगस्ट २०२३ रोजी इंडिगोचे चाळिशीतले वैमानिक पुण्याच्या उड्डाणाआधी बोर्डिंग गेटजवळ कोसळले आणि गेले. आदल्या दिवशी पहाटे तीन ते सात त्यांनी दोन उड्डाणे केली होती, त्यानंतर २७ तासांची विश्रांती मिळाली होती. नियम पाळला गेला होता. एका हृदयविकाराचे खापर रोस्टरवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. रात्रपाळी आणि हृदयविकार यांचा संबंध मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांत दिसतो, एका माणसाच्या बाबतीत तो सिद्ध करता येत नाही. वैमानिकांची वैद्यकीय तपासणी ठराविक काळाने होते, पण त्या दिवशीच्या झोपेची तपासणी करणारे यंत्र अजून नाही. दारूसाठी फुंकायची नळी आहे, जागरणासाठी नाही. म्हणूनच तासांचे नियम लागतात आणि ते दोघांच्या संमतीनेही मोडता न येणारे लागतात.

हेच ट्रकचालकांना लागू आहे. साकोलीवरून जाणाऱ्या मुंबई-कोलकाता महामार्गावर पहाटे चारला भरधाव जाणाऱ्या चालकासाठी आठ तासांच्या कामाची आणि साप्ताहिक सुटीची तरतूद १९६१ च्या कायद्यापासून आहे. ती कुणी तपासते का, हे धाब्यावरच्या पोऱ्यालाही ठाऊक आहे. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याने दुपारी तासभर झोप काढूनच जावे, पहाटे परतल्यावर लगेच दुचाकीने लांब जाऊ नये आणि रात्रीची पाळी संपली की सलग दोन रात्री पुरे झोपावे. चहाने पेंग पुढे ढकलली जाते, झोपेची उणीव तशीच राहते.

डीजीसीएने मागे घेतलेले कलम पुन्हा आणावे आणि त्यात पळवाट ठेवू नये. नव्या नियमांनुसार विमान कंपन्यांनी वैमानिकांच्या थकव्याचा अहवाल दर तीन महिन्यांनी डीजीसीएला द्यायचा आहे. तो जनतेसमोर ठेवावा. किती वैमानिकांनी ‘थकलो आहे’ म्हणून उड्डाण नाकारले, त्यातले किती अर्ज मान्य झाले, किती जणांना सुटीच्या दिवशी बोलावणे गेले, हे आकडे तिकिटाच्या दराइतकेच प्रवाशाच्या कामाचे आहेत.