मावळातल्या बोटांना अक्षरं हवीत

ब्रेलमध्ये 'मावळ' लिहायला चार घरं लागतात. म, काना, व, ळ. चारही घरांत मिळून १३ टिंबं कागदावर उठलेली असतात. तर्जनी त्यांवरून डावीकडून उजवीकडे सरकली, की आपल्या तालुक्याचं नाव वाचून होतं.

खांडीपासून पवनानगरपर्यंत, लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत ज्या मुलामुलींना दिसत नाही, त्यांच्यातल्या कितीजणांना हे नाव असं वाचता येतं? हा प्रश्न आपण ग्रामसभेत विचारला नाही, पालकसभेत विचारला नाही, मंडळाच्या बैठकीत तर नाहीच. आता विचारू या. कारण ब्रेल आपल्या मुलांच्या हातून निसटत चाललं आहे आणि त्याबद्दल कुणी साधी तक्रारही करत नाही.

पूर्वी अंध मुलाला अक्षरं हवी असतील तर घर सोडावं लागे. पुण्यातली अंध शाळा १९३४ सालची. कोरेगाव पार्कात मुलांची, कोथरूडला मुलींची शाळा झाली. आळंदीला 'जागृती' ही अंध मुलींची निवासी शाळा उभी राहिली. लोणावळ्याजवळ उगम पावणारी आपली इंद्रायणी जिथे जाते, तिथे आपल्या गावांतल्या मुलींनाही जाता येऊ लागलं. या शाळांनी पिढ्यांना लिहितं-वाचतं केलं. त्यांचं ऋण मोठं आहे.

पण सहा वर्षांच्या पोरीनं आईला सोडून जायचं, की अक्षरांना मुकायचं? अशी निवड कुणावरच लादू नये. कायद्यानंही ते मान्य केलं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला आणि गावातल्या शाळेचं दार अंध मुलासाठी उघडलं. भावंडांसोबत शाळेत जायचं, मित्रांबरोबर डबा खायचा, संध्याकाळी घरी यायचं. याहून चांगलं काय असणार?

मूल शाळेत आलं. त्याचं पुस्तक मात्र अजून आलं नाही.

समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक गट साधन केंद्रातून शाळांना भेटी देतात. त्यांच्या तळमळीबद्दल शंका नको. पण २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि एका शिक्षकाच्या वाट्याला अनेक प्रकारची मुलं, अनेक शाळा येतात. ब्रेल रोज थोडं थोडं शिकायचं असतं. अधूनमधून झालेल्या भेटीवर बोटं तयार होत नाहीत.

मग होतं काय? मूल वर्गात बसतं, ऐकतं, पाठ करतं. दहावीला लेखनिक मिळतो, जादा वेळही मिळतो. मूल पास होतं, आपण पेढे वाटतो. आणि त्या मुलानं आयुष्यात एकही ओळ स्वतः वाचलेली नसते.

"आता मोबाईल वाचून दाखवतो की!" असं कुणीही म्हणेल. खरं आहे. फोन मराठी बोलतो, संगणकावर पडदा वाचून दाखवणारी एनव्हीडीएसारखी प्रणाली फुकट मिळते. अंध माणसाला यातून केवढी मोकळीक मिळाली! ती मोकळीक हवीच. पण डोळस मुलाच्या हातातही फोन आहे. म्हणून आपण त्याची पाटी-पेन्सिल काढून घेतली का? त्याला बाराखडी शिकवायची थांबवली का? मग अंध मुलाच्या बाबतीतच कानावर भागवायचं, हे कोणी ठरवलं?

ऐकून गोष्ट कळते, लेखन कळत नाही. वेलांटी पहिली की दुसरी, जोडाक्षर कसं, अनुस्वार कुठे, स्वल्पविराम कुठे पडला, हे बोटाखालीच समजतं. गणिताचं तर विचारूच नका. अपूर्णांक, कंस, घातांक ऐकून किती वेळ डोक्यात धरून ठेवायचे? मागच्या पायरीवर परत जाता आलं पाहिजे, चूक कुठे झाली ते चाचपता आलं पाहिजे. लेखनिकाला उत्तर सांगतानाही, मुळात शब्द कसा लिहितात हे ज्याला ठाऊक, तोच बिनचूक सांगू शकतो.

आपल्याकडे गुलाबराव महाराजांचं उदाहरण देतात. तान्हेपणीच दृष्टी गेली, तरी ऐकून ऐकून त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथरचना केली. त्या प्रज्ञेला नमस्कारच. पण तसे पुरुष शतकातून एखादे होतात. नाणे मावळातल्या चौथीच्या मुलाकडून आपण प्रज्ञाचक्षू होण्याची अपेक्षा ठेवू शकत नाही. त्याला चौथीचं पुस्तक मिळायला हवं, एवढंच.

हे सहा टिंबांचं ज्ञान एका मुलानंच दिलेलं आहे. पॅरिसजवळच्या खेड्यातल्या लुई ब्रेलचे डोळे लहानपणी वडिलांच्या कारखान्यातल्या अवजारानं गेले. अंध शाळेत शिकताना, १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी त्यानं ही लिपी बसवली. सहा टिंबांच्या ६३ जुळण्या, त्यात अक्षरं, अंक, विरामचिन्हं सारं बसतं. १९५१ साली आपल्या देशातल्या भाषांसाठी 'भारती ब्रेल' ठरलं आणि मराठीही त्यात आली. म्हणजे आपल्याला नवा शोध लावायचा नाही. झालेला शोध टाकव्याच्या पुढे पोचवायचा आहे.

आणि तो आपल्यापासून लांब तरी किती आहे? एका टोकाला मुंबईत १९५२ पासून 'नॅब' ही अंधांसाठीची संस्था काम करते आहे. तिथे ब्रेल पुस्तकं छापली जातात. दुसऱ्या टोकाला पुण्यात मीरा बडवे यांनी उभं केलेलं 'निवांत अंध मुक्त विकासालय' आहे, तिथेही ब्रेल ग्रंथालय आहे, पुस्तकं तयार होतात. २००८ साली स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू करून दाखवलं. मुंबई-पुण्याची जलद गाडी मधल्या स्टेशनांवर न थांबता निघून जावी, तसं ब्रेल मावळातून नुसतं जात-येत राहिलं. ते इथे थांबवायचं काम आपलं.

कायदा आपल्या बाजूनं आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साधनं मोफत द्यायची, ब्रेल येणारे शिक्षक तयार करायचे आणि नेमायचे, हे २०१६ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. पुस्तकाचं ब्रेल केलं तर स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, ही सोय २०१२ च्या दुरुस्तीनं झाली. याच विषयावरच्या माराकेश कराराला २०१४ साली मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. अंधांसाठीच्या साहित्याच्या सात किलोपर्यंतच्या पाकिटांना टपालखर्च माफ, ही टपाल खात्याची जुनी सवलत आहे. उरतो तो फक्त शेवटचा टप्पा. मग आपण काय करू शकतो?

पहिलं काम, मूल शोधायचं. आपल्या वाडीत, वस्तीवर, धनगरवाड्यावर, सोसायटीत न दिसणारं किंवा फार कमी दिसणारं मूल असेल, तर ते मुख्याध्यापकांना, अंगणवाडीताईंना, आशाताईंना सांगू या. घरच्यांना संकोच असेल तर शेजारी म्हणून सोबत जाऊ या. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढायला पुण्याला खेप पडते, मजुरी बुडते. एखाद्या मंडळानं गाडीची सोय केली तरी अर्धं काम होतं.

दुसरं काम, पुस्तकाची मागणी वेळेत करायची. शाळा जूनमध्ये उघडते. ब्रेल पुस्तकही जूनमध्येच हातात पडायला हवं, दिवाळीनंतर नको. छापील एका पानाची ब्रेलमध्ये साधारण दोन-तीन पानं होतात. एका पुस्तकाचे अनेक खंड होतात, छापायला वेळ लागतो. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीनं हिवाळ्यातच मागणी लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. अभ्यासक्रम बदलत असेल तेव्हा तर दुप्पट जागं राहायला हवं, कारण मोठ्या भावाचं जुनं पुस्तक तेव्हा उपयोगी पडत नाही.

तिसरं काम निवृत्त शिक्षकांसाठी. तळेगाव-लोणावळ्यात ही मंडळी काही कमी नाहीत! बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये सर्वांना खुली आहेत. मजकूर युनिकोडमध्ये स्वच्छ टंकला, तर संगणक त्याचं ब्रेल करू शकतो. पण नकाशा, तक्ता, आकृती यांचं शब्दांत वर्णन जाणत्या माणसालाच करावं लागतं. सह्याद्रीचा उठावाचा नकाशा सुतळी, पुठ्ठा आणि डिंक घेऊन घरी करता येतो. तो नुसता कौतुकाचा प्रकल्प ठरत नाही, भूगोलाचा धडा त्यावर शिकवता येतो.

चौथं काम पैशाचं. ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा नियम आहे. त्यातून ब्रेल पाटी, टोचायचा स्टायलस, गणितासाठी टेलर फ्रेम आणि अबॅकस, जाड कागद का घेऊ नयेत? ब्रेल छापण्याचं यंत्र एकट्या गावाला परवडणार नाही. पण वडगावात तालुक्याचं एक ब्रेल केंद्र व्हावं, यासाठी लोणावळा, तळेगाव, वडगाव आणि साऱ्या ग्रामपंचायतींनी मिळून ठराव करता येईल. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांनाही त्यात हातभार लावायला सांगू या. आपण नीट मागितलं तर देणारे आहेत.

पाचवं काम फुकटाचं आहे. टेबलावरच्या जुन्या कॅलेंडरची जाड पानं टाकू नका, ब्रेल लिहिण्याच्या सरावाला ती चालतात. आणि शाळेत ब्रेल पुस्तकांसाठी एक कोरडं कपाट राखा. मावळचा पाऊस कागदाला सोडत नाही आणि ओल लागली की टिंबं बसतात. पुस्तकं एकावर एक रचायची नाहीत, उभी ठेवायची. वजनानंही टिंबं दबतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ब्रेल आपणही शिकू या. डोळस माणसाला ते डोळ्यांनी ओळखायला थोड्याच संध्याकाळी लागतात. पाटीवर टोचताना उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं, एवढी एक गंमत लक्षात ठेवायची. वर्गशिक्षिकेला ब्रेल आलं तर ती वही तपासू शकेल. आईला आलं तर ती पिठाच्या आणि मिठाच्या डब्यांवर नावं चिकटवील. वर्गातल्या पोरांना आलं तर ती एकमेकांना गुपचूप चिठ्ठ्या लिहितील. आणि वर्गात चिठ्ठ्या फिरू लागल्या की लिपी टिकतेच!

खंडाळ्यात अंध ज्येष्ठांसाठी नॅब-लायन्सचं निवासस्थान आहे. तिथे ब्रेलवर बोट फिरवलेलं कुणी असेल, तर त्यांना मानानं विचारू या की आमच्या मुलांना शिकवाल का? देणारे हात नेहमी डोळस माणसांचेच असतात, ही समजूतही त्यानं पुसली जाईल.

दर वर्षी ४ जानेवारीला, लुई ब्रेलच्या जन्मदिवशी, जागतिक ब्रेल दिन असतो. त्या दिवशी मावळातल्या प्रत्येक शाळेत एक तास ब्रेलचा व्हावा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आपल्यापैकी एकानं उभं राहून विचारावं: आपल्या गावात न दिसणारी मुलं किती, त्यांच्याकडे ब्रेल पाटी आहे का, जूनची पुस्तकं मागवली का, ५ टक्क्यांतून काय घेणार? चारच प्रश्न आहेत. ते इतिवृत्तात लिहून घ्या, खाली सही करा आणि पुढच्या सभेत त्यांची उत्तरं मागा. चला, कामाला लागू या. जून फार लांब नाही.