टाचणात आंबागड कुठे आहे?

चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास शिकवताना किल्ल्यांचा भाग आला, की डी.एल.एड.चे अनेक छात्राध्यापक व्हॉट्सॲपवरचे तयार टाचण वहीत उतरवतात. आता एआयला सांगितले की मिनिटभरात टाचण हजर. याला म्हणे तंत्रज्ञानाचा वापर! ही जुनीच कॉपी आहे, फक्त वेगवान.

तुमसर तालुक्यातल्या आंबागडच्या मुलांना अशा टाचणातून रायगड मिळतो, स्वतःच्या गावचा किल्ला मिळत नाही. तो १७०० च्या सुमारास राजा खान पठाण याने बांधला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा हा सरदार. गोंड राजा, पठाण सरदार आणि आज मराठीत शिकणारी मुले! (आपल्याला बाहेरचे म्हणणाऱ्यांनीही या तासाला मागच्या बाकावर बसावे.)

मोबाइल जरूर वापरा. किल्ल्याचे फोटो काढा, नकाशावर मुलांना मध्य प्रदेशातले देवगड शोधायला लावा, बालभारतीची मराठी आणि उर्दू पुस्तके शेजारी उघडून शब्द पडताळा. एआयकडे टाचण मागू नका. स्वतः लिहिलेले त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, चौथीचे मूल कुठे अडेल? मार्गदर्शक प्राध्यापकांनीही गाव नसलेल्या टाचणावर सही करू नये.