ख्रिस्ती सेवा: लादलेली चाकरी नव्हे

ख्रिस्ती जीवनात मोठेपणाची कसोटी पदावर नव्हे, सेवेवर ठरते. मार्काच्या शुभवर्तमानातील १०व्या अध्यायात याकोब आणि योहान हे जब्दीचे मुलगे येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात आणि बाकीचे दहा शिष्य त्यांच्यावर चिडतात. दहांचा हा संताप सात्त्विक असेल असे वाटत नाही. त्यांचाही डोळा त्याच जागांवर असावा. येशू या बाराही जणांना जवळ बोलावून सांगतो, की सत्ताधीश लोकांवर हुकूमत गाजवतात तसे तुमच्यात नको. ज्याला पहिला व्हायचे आहे त्याने सर्वांचा दास व्हावे. या शिकवणीवर महाराष्ट्रात वेगवेगळ्या बाजूंनी आक्षेप घेतले गेले आहेत. त्यांतील एक इतका वजनदार आहे की त्याला उत्तर दिल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा अधिकारच पोहोचत नाही.

तो आक्षेप असा: सेवा हा शब्द या देशात निष्पाप नाही. मनुस्मृतीने शूद्राला एकच काम नेमून दिले, ते म्हणजे वरच्या तीन वर्णांची निमूट सेवा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून या व्यवस्थेचे वाभाडे काढले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तेही याच कारणाने. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडून सेवा उकळली गेली त्यांनाच पुन्हा ‘नम्र व्हा, सेवा करा’ म्हणून सांगणे ही क्रूर थट्टा आहे, असे आक्षेपकाचे म्हणणे. विदर्भातील बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत दलित आणि कष्टकरी कुटुंबांतून आलेली माणसे आहेत, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या घरातलाच आहे.

त्याचे उत्तर योहानाच्या शुभवर्तमानातील १३व्या अध्यायात आहे. जेवण चालू असताना येशू उठतो, बाहेरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, भांड्यात पाणी ओततो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन त्या रुमालाने पुसतो. धुळीने माखलेले पाय धुण्याचे काम त्या काळी घरातील सर्वांत खालच्या चाकराचे. इथे ते गुरू करतो. पेत्र या शिष्याला हे सोसत नाही, तो पाय धुऊ द्यायला नकार देतो. उतरंडीत वाढलेल्या माणसाची ती स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. जातिव्यवस्थेतील सेवा खालून वर जाते, सक्तीने घेतली जाते आणि करणाऱ्याला आणखी खाली ढकलते. शुभवर्तमानातील सेवा वरून खाली येते, आपखुशीने होते आणि ज्याची सेवा होते त्याला मानाने उभे करते. म्हणून या शिकवणीचा पहिला रोख दुर्बळांकडे नसून ज्यांच्या हाती मान, विद्या, पैसा किंवा अधिकार आहे त्यांच्याकडे आहे. एखाद्या मंडळीत गरीब बायकांनी सतरंज्या घालायच्या, भांडी घासायची आणि पंचांनी खुर्च्यांवर बसायचे, अशी वाटणी होत असेल तर ती येशूची शिकवण नाही. तिथे मनूच नाव बदलून बसला आहे.

वरून खाली येणाऱ्या या सेवेचे महाराष्ट्रातील सर्वांत स्पष्ट उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांच्या संस्कृत पांडित्यावर थक्क होऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली ती फुल्यांनीच, हे वर उल्लेखिलेल्या आक्षेपकांनी विसरू नये. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर आसरा दिला. तिथेच ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ निघाले, अंध स्त्रियांच्या शिक्षणाची सोय झाली, छापखाना चालू लागला. पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. कलकत्त्याच्या पंडितांना संस्कृतमध्ये उत्तरे देणाऱ्या या विदुषीने त्यासाठी मुद्दाम साधी मराठी निवडली, कारण ते खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळायला हवे होते. त्यांनी विद्या टाकली नाही. ती विद्या घेऊनच त्या खाली बसल्या. स्वतःला कमी लेखणे म्हणजे नम्रता, ही समजूत या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा: मिशनची सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष. हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यालाही लागू होतो, कारण इथे फ्री मेथडिस्ट मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळापासूनचे. पांढरकवड्याच्या बाजूला उमरीचे मिशन हॉस्पिटल हे त्याच कामाचे फळ. धान्याच्या किंवा औषधाच्या बदल्यात कुठे कोणी बाप्तिस्मा मागितला असेल, तर तिथे आक्षेपकाचेच खरे आहे आणि त्याची बाजू ख्रिस्ती माणसानेच आधी घ्यावी. मात्र ही शिकवण स्वतः तसा सौदा मान्य करत नाही. त्या रात्री ज्यांचे पाय धुतले गेले त्यांत यहूदा इस्कर्योतही होता. तो विश्वासघात करणार हे ठाऊक असूनही त्याचे पाय वगळले गेले नाहीत. ज्या सेवेतून करणाऱ्याच्या पदरात काहीच पडणार नाही, तीच सेवा इथे नमुना म्हणून ठेवलेली आहे.

सेवा ही काही ख्रिस्ती लोकांची मक्तेदारी नाही, हे म्हणणे तर मान्यच करायला हवे. वऱ्हाडात हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांना जो मोठा म्हणणार नाही, त्याला शुभवर्तमान कळलेच नाही.

सर्वांत अवघड प्रतिपक्ष मात्र मंडळीच्या आतच आहे. सेवा ही पुढे मोठे पद मिळवण्याची पायरी, अशी समजूत तिथे हळूच शिरते. १९५३ साली यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला जाईपर्यंत देशभरातील पाळक तिथे घडले. अशा शिक्षणाची गरज आहेच. पण पदवी, ‘रेव्हरंड’ ही उपाधी आणि व्यासपीठावरची खुर्ची यांसाठी चढाओढ लागली, की जब्दीच्या मुलांचीच मागणी नव्या भाषेत होऊ लागते. ख्रिस्ती माणूस सेवा करतो ती देवाकडून आधीच मिळालेल्या कृपेपोटी. पुढे काही मिळवायचे म्हणून केली तर ती गुंतवणूक होते.

यवतमाळ हा कापसाचा आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांचा जिल्हा. २०१७ च्या हंगामात इथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवा इथे अनेक गावांत भेटते. तिचे सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणे, मजुराला दवाखान्यात पोहोचवून रात्रभर त्याच्या उशाशी बसणे, ही कामे वार्षिक अहवालात एका ओळीचीही जागा घेत नाहीत. जिल्ह्यातील मंडळ्यांनी पुढच्या वेळी पंच निवडताना उमेदवाराचे भाषण ऐकण्याआधी ही कामे कोण करत आले आहे याची चौकशी करावी, आणि ती करणारी एखादी मजूर बाई निघाली तर तिलाच निवडावे.