वेंगुर्ल्याचं बंदर गेलं, काजू तरी हातात ठेवूया

वेंगुर्ले : १७व्या शतकात इथे डचांची वखार होती. १८१२ मध्ये बंदर इंग्रजांकडे गेलं. बेळगावकडचा कापूस घाट उतरून इथूनच मुंबईला जायचा. या व्यापारावर शहर वाढलं, १८७६ मध्ये नगरपालिका झाली. पुढे मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली आणि घाटावरचा माल तिकडे वळला. माल आपला नव्हताच, फक्त वाट आपली होती. १९९८ ला कोकण रेल्वे सुरू झाली, तीही सावंतवाडी-कुडाळवरून गेली.

काजूचं तसं नाही, तो आपल्याच डोंगरउतारावर पिकतो. इथल्या फळ संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ अशा जाती दिल्या. पण बहुतेक शेतकरी बी वाळवून व्यापाऱ्याला घालतो आणि मोकळा होतो. आफ्रिकेतून स्वस्त बी आली की इथला दर पडतो. शेजारी गोव्यात बोंडूची फेणी होते, आपल्याकडे बोंडू झाडाखालीच कुजतो.

म्हणून नुसता दर मागून भागणार नाही. बी फोडणं, सोलणं, गर निवडणं ही कामं गावात झाली तर मजुरी गावातल्या बायकांना मिळेल, कारखान्याची घरपट्टी ग्रामपंचायतीला. येत्या ग्रामसभेत रस्ते-गटारांबरोबर हा विषयही लावून धरा.