मामांची निळी नळी

दिवाळीच्या अंकात लघवीविषयी लिहावयाचे म्हणजे वाचक नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. "अंक फराळाच्या ताटाशेजारी असतो, एवढे ध्यानात असू द्या," असे संपादकांनीही बजावले आहे. पण गेल्या महिन्यात एका वाचकभगिनीचे पत्र आले. त्या विचारतात, "लघवी तपासली, साखर नाही. म्हणजे मधुमेह नाहीच ना? यंदा पाकातले लाडू खावयास हरकत नाही ना?" पत्र वाचले आणि मला माझे मामा आठवले.

मामा वाईला राहत. त्यांच्या वडिलांना मधुमेह होता, म्हणून मामांनी स्वतःवर पहारा ठेवला होता. ही गोष्ट १९७०च्या पुढची. दर रविवारी सकाळी स्पिरिटचा दिवा पेटे, काचेची नळी निघे आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली उघडे. पाच मिलिलिटर द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून नळी उकळावयाची. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. असेल तर हिरवा, पिवळा, नारिंगी आणि भरपूर असली म्हणजे विटेसारखा तांबडा. मामांची नळी नेहमी निळी. मग ते हाक मारीत, "निळी आहे गं, आण दोन करंज्या!" मामी नळी स्वतः उजेडात धरून पाहत आणि मगच डबा उघडीत.

पाचसहा वर्षे अशी सुखात गेली. एके दिवशी मामांच्या पायात खिळा रुतला आणि त्यांना तो कळलाच नाही. जखम चिघळली तेव्हा कोठे रक्त तपासले. उपाशीपोटी साखर २१०! आणि त्याच सकाळची नळी निळी होती. मामांना पायाची दोन बोटे गमवावी लागली.

नळीने दगा दिला असे मामी शेवटपर्यंत म्हणत. पण नळी बिचारी खरेच सांगत होती. साखर अडवून धरली होती ती मामांच्या मूत्रपिंडांनी.

मूत्रपिंड म्हणजे शरीराची मोरी, असा आपला समज असतो. पण मोरी हे त्याचे निम्मे काम देखील नव्हे. दिवाळीची साफसफाई करताना घरातले सगळे सामान अंगणात काढावयाचे, मग हवे ते पुन्हा आत न्यावयाचे आणि उरलेला कचरा फेकावयाचा, ही मूत्रपिंडाची पद्धत. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळले जाते. लघवी मात्र होते दीडएक लिटर. गाळणीला निवडानिवड फारशी कळत नाही. मीठ, साखर, प्रथिनांचे घटक, जे बारीक ते सगळे खाली उतरते. निरोगी माणसाची १८० ग्रॅम साखर रोज अशी अंगणात येते, म्हणजे पावशेराहून थोडी कमी. आणि ती जवळजवळ सगळी परत घरात जाते.

हे डोळ्यांनी पाहिले कोणी? १९२४ साली अमेरिकेत वर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या एकाच गाळणीत केसासारखी बारीक काचनळी खुपसून आतला थेंब काढला. त्या थेंबात साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत नव्हती. वाटेत कोणी तरी ती उचलली होती, हे उघड झाले.

उचलणाऱ्या त्या नलिकेच्या भिंतीतल्या पेशी. त्यांची युक्ती मोठी मजेदार आहे. पेशीच्या रक्ताकडील बाजूस एक पंप असतो. तो सोडियम अखंड बाहेर उपसतो. हा पंप डेन्मार्कच्या स्कौ यांनी १९५७ साली दाखवून दिला आणि नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९७ साली. एवढा धीर आपल्यापैकी किती जणांना आहे? असो. उपशामुळे पेशीत सोडियमची टंचाई होते आणि नलिकेतले सोडियम आत घुसू पाहते. दारावर उभे असलेले वाहक प्रथिन त्याला साखरेचा हात धरूनच आत सोडते. मग साखर मागल्या दाराने रक्तात जाते. नव्वद टक्के साखर पहिल्या टप्प्यावरचे वाहक उचलतात, उरलेली पुढचे.

पण वाहकांची संख्या मोजकी. रक्तातील साखर १८०च्या आसपास गेली की त्यांचे हात अपुरे पडतात आणि साखर लघवीत सांडू लागते. ही मर्यादा माणसागणिक निराळी. म्हातारपणी आणि जुन्या मधुमेहात ती वर सरकते. काहींना वाहकच जन्मतः सदोष मिळतात. त्यांची नळी तांबडी, पण रक्त निर्मळ! गरोदरपणीही असे होऊ शकते. म्हणून त्या भगिनींना माझे उत्तर एवढेच, की लाडवांचा निकाल रक्ताकडून घ्यावा.

फॉस्फेटच्या बाबतीत पेशी शहाण्या आहेत. गळ्यातील परावटु ग्रंथींचा हुकूम आला की त्या आपले फॉस्फेट-वाहक दारावरून आत ओढून घेतात आणि जादा फॉस्फेट वाहून जाऊ देतात. साखरेला मात्र असा सक्त हुकूम देणारे कोणी दिसत नाही. उलट मधुमेहात या पेशी वाहक वाढवतात असे आढळले आहे. उपासमारीच्या काळात साखरेचा कण वाचवणे पुण्याचे होते; आज तीच काटकसर अंगाशी येते.

यावर उतारा निघाला तो सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून. १८३५ साली तिच्यातून फ्लोरिझिन काढले गेले, आणि त्याने लघवीत साखर उतरते हे १८८६ साली जर्मनीच्या फॉन मेरिंग यांनी नोंदले. पण पोटात ते टिकेना, आणि आतड्यातल्या वाहकांनाही अडवी. त्याचे सुधारलेले वंशज, मूत्रपिंडातील पहिल्या वाहकालाच रोखणारे, २०१२ पासून बाजारात आले. मधुमेह्याची रोजची ६०-७० ग्रॅम साखर ते लघवीवाटे घालवतात. पुढे मोठ्या चाचण्यांत मूत्रपिंडाचा ऱ्हासही त्यांनी मंदावल्याचे दिसले. जंतुसंसर्गासारखे त्यांचे उपद्रव आहेत, तेव्हा शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नये.

माझा मामेभाऊ गेली चार वर्षे त्यांतलीच एक गोळी घेतो. रक्तातली साखर आटोक्यात आहे, पायही शाबूत आहेत. मामांची नळी त्याने माळ्यावर जपून ठेवली आहे. आज त्याची लघवी तीत उकळली तर ती विटेसारखी तांबडी होईल. आणि मामी असत्या तर त्यांनी करंज्यांचा डबा त्याच्यापुढून तत्काळ उचलला असता.