रुग्णाचे शब्द, वैद्यांची परिभाषा

‘जीव घाबरा होतो’, ‘करमत नाही’, ‘अन्न गोड लागत नाही’ अशा शब्दांत नांदेड-लातूरकडचा माणूस आपले मानसिक दुखणे सांगतो. शरीराच्या आजारात रक्त तपासता येते, क्ष-किरण चित्र काढता येते. मनाच्या आजाराचे निदान मात्र मुख्यत्वे रुग्णाच्या बोलण्यावरून आणि वागण्यावरून करावे लागते. म्हणूनच येथे शब्दाची चूक ही निदानाची चूक ठरण्याचा धोका असतो.

दोन संज्ञांची गल्लत तर नेहमीचीच आहे. जवळपास कोणी नसताना आवाज ऐकू येणे हा भास. पुराव्यानेही न ढळणारी खोटी समजूत हा भ्रम. शिवाय ती समजूत रुग्णाच्या समाजात सर्वसाधारणपणे मानली जाणारी नसावी, अशीही भ्रमाच्या व्याख्येत अट आहे. त्यामुळे ‘कोणीतरी करणी केली’ एवढ्या उद्गारावरून एखाद्या खेडुतास भ्रमिष्ट ठरविणे अशास्त्रीय होय. त्याच वेळी, ‘बाहेरचे’ आहे म्हणून प्रत्येकास देवऋष्याकडे धाडणे म्हणजे खऱ्या रुग्णास उपचारांस मुकविणे होय.

‘नैराश्य’ या शब्दाचेही तसेच. व्यवहारात त्याचा अर्थ अपेक्षाभंग असा घेतला जातो. ‘निराश वाटते का?’ या प्रश्नाला शेतकरी ‘नाही’ म्हणेल. पण दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, हे विचारल्यावर तो सांगेल. लातूरच्या शिकवणी वर्गातील विद्यार्थ्याचे ‘लक्ष लागत नाही’ हे आळसाच्या खाती टाकण्यापूर्वी शिक्षकांनी हेच प्रश्न विचारावयास हवेत. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो काय, हेही स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही गृहीत धरले आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. तथापि राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. साहजिकच रुग्णाचे पहिले गाऱ्हाणे बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर वा आशा कार्यकर्ती यांच्याच कानी पडते. त्यातच देगलूरकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नड, किनवटकडे गोंडी व बंजारा बोली, आणि सर्वत्र दखनी. केवळ ग्रांथिक परिभाषेने या साऱ्यांचे दुःख कळणार नाही.

यास्तव नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांनी रुग्णांच्या बोलीतील शब्दांचा एक छोटा कोश सिद्ध करावा, आणि केसपेपरवर रुग्णाची तक्रार प्रथम त्याच्याच शब्दांत लिहिण्याचा दंडक घालावा. अमेरिकन मनोवैद्यांनीही २०१३ च्या आपल्या निदानग्रंथात रुग्णाची संस्कृती जाणून घेणाऱ्या स्वतंत्र प्रश्नावलीचा समावेश केला. या कामास मोठा निधी लागणार नाही. लागेल ती ऐकून घेण्याची शिस्त. ‘वेडा’ या एका शब्दात सारे कोंबण्याची सवय मात्र समाजालाच सोडावी लागेल.